दुखत न्हाई, मग दवाखाना कशाला?

आमच्या सीमाभागात आजार मोजायचं एकच माप आहे, दुखतंय किती. पोटात कळ आली की गडी हातातलं काम टाकून घरी येतो. दाढ ठणकली तर रात्री अकराला मेडिकलवाल्याचं शटर वाजवलं जातं. विंचू चावला तर अख्खी गल्ली गाडी शोधत फिरते. पण गालाच्या आत पांढरा चट्टा पडलाय आणि तिखट खाल्लं तरी झोंबत नाही, छातीत हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागते पण दाबली तरी दुखत नाही, पाळी जाऊन पाच-सहा वर्षं झाल्यावर पुन्हा लुगड्याला डाग दिसलाय पण कळ म्हणून नाही, तर यातलं काहीच आमच्याकडे आजारात मोडत नाही. "दुखत न्हाई, खुपत न्हाई, मग दवाखाना कशाला?" निपाणीपासून खानापूरपर्यंत हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की कोण कधी म्हणालं हेही आता सांगता येणार नाही.

मी डॉक्टर नाही. माहेर निपाणीचं, बेळगावात हायस्कूलला शिकवते. घरातल्या आणि गल्लीतल्या माणसांबरोबर मिरज, कोल्हापूर, बेळगावच्या दवाखान्यांतले बाक झिजवले, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावलं आणि घरी येऊन वाचत बसले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखायला लागतो तेव्हा अनेकदा त्यानं नस, हाड किंवा शेजारचा अवयव गाठलेला असतो. म्हणजे आमचं माप नेमकं तिथंच चुकतं जिथं ते चुकून चालणार नाही.

शरीरातल्या पेशी मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. नवी पेशी तयार होताना जनुकांची नक्कल होते, आणि नक्कल म्हटली की चूक आलीच. बहुतेक चुका शरीर दुरुस्त करतं, नाहीतर ती पेशीच मारून टाकतं. काही राहून जातात, वर्षानुवर्षं साठतात, आणि मग एखादी पेशी थांबायचं विसरून वाढत सुटते. तंबाखू, दारू, काही विषाणू, अंगावर चढलेली चरबी, हे सगळं या चुकांना हातभार लावतं. वय हे तर मोठंच कारण, कारण चुका साठायला काळ जावा लागतो. "आमच्या लहानपणी कुठं होता हा कॅन्सर?" असं म्हातारी माणसं विचारतात, त्याचं निम्मं उत्तर हेच आहे की त्या काळी कॅन्सर व्हायच्या वयापर्यंत पोचणारी माणसंच कमी होती. आणि बरीचशी पोटाच्या नाहीतर छातीच्या दुखण्यानं गेली असं म्हणत कॅन्सरनंच गेली असतील.

२०२२ साली भारतात १४ लाखांच्या आसपास नवे रुग्ण सापडले असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचा अंदाज आहे. बायकांमध्ये स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा, पुरुषांमध्ये तोंडाचा आघाडीवर. मला या यादीत आकड्यापेक्षा दुसरंच काही दिसतं. हे तिन्ही कॅन्सर डोळ्यांना दिसतात किंवा हाताला लागतात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरसारखे पोटात खोल दडून बसत नाहीत. तोंड उघडून बॅटरी मारली तर एक दिसतो, हात फिरवला तर दुसरा लागतो, आणि तिसऱ्यासाठी व्हिनेगरसारख्या सौम्य ॲसिडचा बोळा पुरतो. तरीही आमच्याकडची माणसं डॉक्टरांपुढे पोचतात ती बहुधा तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात.

निपाणीचं नाव तंबाखूनं मोठं झालं. बिडीची तंबाखू, तिच्या वखारी, वखारींतून चाळण्या घेऊन बसलेल्या बायका, नाकातोंडाला बांधलेले पदर, आणि संपूर्ण गावाला असलेला तो वास, जो बाहेरच्याला ठसका आणतो आणि आम्हाला कळतसुद्धा नाही. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी हमरस्त्यावर ठाण मांडून बसले, एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं मेली. ते गावाच्या आठवणीत पक्कं आहे आणि असायलाच हवं. आता ऊस आणि सोयाबीननं बरीच रानं खाल्ली, तरी तंबाखू गेली नाही. ज्या पिकानं घरं बांधली, पोरं शिकवली, त्याला वाईट म्हणायला जीभ रेटत नाही, हे मी घरच्या अनुभवावरून सांगते.

माझी आत्या मिसरी भाजायची ते डोळ्यांपुढे आहे. चुलीवर लोखंडी तवा, त्यावर तंबाखूची सुकी पानं. पहिला धूर उठला की आम्ही पोरं खोकत अंगणात. पानं काळी, कुरकुरीत झाली की खाली उतरवून हातानं चुरायची, मग वस्त्रगाळ करून डबीत. सकाळी उठल्यावर, जेवण झाल्यावर, दुपारी शेजारणी जमल्यावर, रात्री निजायच्या आधी बोटावर घेऊन हिरड्यांवर घासायची आणि तोंडात तशीच ठेवून निम्मी कामं उरकायची. "त्येच्याशिवाय पोट साफ हुईत न्हाई." गंमत अशी की, आशाताई घरी आल्या आणि "तंबाखू खाता का?" असं विचारलं, तर आत्या ठामपणे "छ्या, न्हाई" म्हणाली. तिच्या लेखी तंबाखू म्हणजे गड्यांनी चुना लावून मळायची ती. मिसरी हे दात घासायचं औषध. आशाताईंच्या फॉर्मवर 'नाही'ची खूण झाली. यात फॉर्मचा काय दोष? पण प्रश्न विचारणाऱ्यानं "मिसरी लावता का?" असंही विचारायला हवं, हे त्या दिवशी कळलं. आमच्या आशाताई आता विचारतात.

तंबाखूची पानं सुकवताना आणि मुरवताना त्यात नायट्रोसामाइन नावाची रसायनं तयार होतात. तोंडात ठेवायच्या तंबाखूत कॅन्सर करणारी किमान २८ रसायनं सापडली आहेत. चुन्यानं निकोटीन झटकन रक्तात उतरतं, म्हणून किक बसते, आणि तोच चुना गालाची आतली कातडी रोज भाजत राहतो. बार जिथं भरायची सवय, हिरडी आणि गाल यांच्या मधल्या त्या खोबणीत, बहुतेकदा कॅन्सरही तिथंच उगवतो. डॉक्टर तोंड उघडायला सांगून आधी तीच जागा बघतात.

सुपारीला मात्र आमच्याकडे कुणी नावं ठेवत नाही. लग्नात, पूजेत, पाहुण्यांच्या ताटात ती असतेच. पण तंबाखू न घालता नुसती सुपारी चघळली तरी कॅन्सर होऊ शकतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कॅन्सर संस्थेनं २००४ सालीच दिला आहे. शिवाय सुपारीनं गाल आतून आवळत जातात, तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा; जात नसतील तर दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. हे मी माझ्या वर्गातल्या मुलांकडून करून घेते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली आणि कर्नाटकात २०१३ साली बंदी आली. मधल्या काळात सीमेच्या एका बाजूला बंदी आणि दुसऱ्या बाजूला दुकानापुढे पुड्यांच्या माळा असं चाललं होतं. आज दोन्हीकडे बंदी आहे, आणि नववीतल्या पोरांच्या खिशात पुड्याही आहेत. वेगवेगळ्या पुड्यांतली सुपारी नि तंबाखू एकत्र केली की झाला गुटखा.

आत्याचा चट्टा सापडला तो दाताच्या डॉक्टरांना. ती गेली होती कवळीचं माप द्यायला. त्यांनी गाल बोटानं बाजूला केला, कापसानं पुसून बघितलं. पुसला जात नाही असा पांढरा चट्टा, आणि त्याच्या कडेला थोडी लाली. पांढऱ्यापेक्षा लाल चट्टा जास्त धोक्याचा असतो हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. "तुकडा काढून तपासायला पाठवू," डॉक्टर म्हणाले, आणि आत्या खुर्चीतून उठलीच. "तुकडा काढला की पसरतंय." ही समजूत आमच्याकडे देवाच्या कौलाइतकी घट्ट आहे. तिच्यामागं कारणही आहे. पूर्वी तपासणीच व्हायची ती आजार हाताबाहेर गेल्यावर. मग तुकडा काढला आणि महिन्या-दोन महिन्यांत माणूस गेला, की लोकांनी दोन्हीची सांगड घातली. तुकडा तपासल्याशिवाय तो कॅन्सर आहे की साधी जखम, आणि असला तर कुठल्या जातीचा, हे कळत नाही; आणि ते कळल्याशिवाय औषध सुरू करणं म्हणजे अंधारात दगड मारणं. आत्याला हे पटवायला तिच्या धाकट्या नातवानं जेवण सोडून बसावं लागलं.

कॅन्सर पहिल्या टप्प्यातला निघाला. शस्त्रक्रिया मिरजेत झाली. गालाचा थोडा भाग आणि त्याच बाजूच्या मानेतल्या ग्रंथी काढल्या. "गाठ गालात हाय आणि गळ्यावर चीर कशाला?" असं सगळ्या पाहुण्यांनी विचारलं. मलाही तोच प्रश्न होता. त्याचं उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा, मानेत हाताला काही लागत नाही, अशा रुग्णांचे दोन गट केले. एका गटाच्या मानेतल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, दुसऱ्या गटात गाठ आली तरच काढायच्या ठरवल्या. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. मानेतल्या त्या ग्रंथीही सुरुवातीला दुखत नाहीतच. आत्याला पुढं लाईट, म्हणजे रेडिएशन, घ्यावी लागली नाही, केमोही नाही. तिरकी हसते आता, आणि मिसरीची डबी सुनेनं कुठं ठेवलीय ते अजून शोधते.

आमच्या गल्लीतले तात्या तेवढे नशिबवान नव्हते. वखारीत दिवाणजी होते. जिभेच्या कडेला फोड आला. जवळच्या एका दवाखान्यात तोंडाला लावायची मलम, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, पुन्हा मलम, असं पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत चाललं. तोंडातला फोड दोन-तीन आठवड्यांत भरून आला नाही तर तो तपासायचाच, एवढा एक नियम त्या दवाखान्यातल्या माणसानं पाळला असता तर! तात्या मोठ्या दवाखान्यात गेले ते कानात ठणका सुरू झाल्यावर. जिभेचा आजार कानात दुखतो, नस एकच असते.

तात्यांना लाईट द्यावी लागली. तिची तयारी मी जवळून बघितली. गरम पाण्यात प्लास्टिकची जाळी मऊ करतात आणि झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ताणून बसवतात. काही मिनिटांत ती थंड होऊन कडक होते. तात्यांच्या नाकाचा बाक जसाच्या तसा तिच्यावर उठला होता. मग सोमवार ते शुक्रवार रोज तीच जाळी चेहऱ्यावर घालून टेबलाला चाप लावायचे, म्हणजे डोकं तसूभर हलत नाही आणि किरणं ठरल्या जागीच पडतात. यंत्राखाली काही मिनिटंच. काही जाणवत नाही. असं सहा-सात आठवडे. त्रास सुरू होतो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. तोंड आतून सोलून निघतं, लाळ आटते, चव जाते. तात्यांना नाकातून नळी घातली होती, काकू त्यातून नाचणीची पातळ आंबील गाळून द्यायच्या. लाईटच्या आधी दात तपासून किडके दात काढून घ्यायला सांगतात, कारण नंतर दात काढला तर जबड्याची जखम लवकर भरत नाही. लाईटमुळे अंगात करंट राहतो, पोराबाळांनी जवळ जाऊ नये, असं गल्लीतल्या कुणीतरी पसरवलं, आणि तात्यांची नात त्यांच्यापासून लांब ठेवली गेली. बाहेरून दिलेल्या किरणांनी माणसात काही उरत नाही. ती नात मांडीवर बसली असती तरी चाललं असतं.

स्तनाच्या कॅन्सरचं वेगळं. तिथं तंबाखूसारखा एक गुन्हेगार दाखवता येत नाही. वय, पाळी लवकर येणं आणि उशिरा जाणं, पहिलं मूल उशिरा होणं किंवा न होणं, अंगावर कमी पाजणं, पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन, दारू; यातलं थोडं थोडं मिळून धोका वाढतो, आणि यातलं काहीही नसलेल्या बाईलाही तो होतो. घराण्यातून आलेल्या जनुकांमुळे होणारे कॅन्सर शंभरात पाच ते दहाच. तरीही घरात लग्नाची मुलगी असली की आईची गाठ लपवली जाते, स्थळ हातचं जाईल म्हणून. खानापूरकडच्या एका काकूंनी मुलीचं लग्न उरकेपर्यंत गाठ पदराआड ठेवली. लग्न झालं मात्र झोकात.

गाठ, एका जागी आत ओढली गेलेली कातडी, बोंड आत जाणं, बोंडातून रक्त येणं, काखेत गाठ, यातलं काहीही दिसलं तर दुखायची वाट बघायची नाही. सगळ्या गाठी कॅन्सरच्या नसतात, तरुण मुलींमधल्या तर बहुतेक साध्याच. ते सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि सुईनं काढलेला तुकडा सांगतो. मॅमोग्राफीचं यंत्र प्रत्येक तालुक्यात कुठून येणार, हा प्रश्न मुंबईत टाटाच्या डॉक्टरांनाही पडला होता. त्यांनी झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका नुसत्या हातानं तपासायच्या. २०२१ साली निष्कर्ष आले. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले होते. नुसत्या हातांनी. मला तरी यापेक्षा आशेचं काही वाचायला मिळालेलं नाही.

उपचारातही बरंच बदललंय. गाठ लहान असेल तर ती काढून, राहिलेल्या स्तनाला लाईट देऊन भागतं. पूर्ण स्तन काढल्याइतकंच आयुष्य त्यात मिळतं हे कधीच सिद्ध झालंय. गाठ हार्मोनवर पोसली जात असेल तर पाच ते दहा वर्षं रोज एक गोळी घ्यायची असते. ती गोळी मात्र बऱ्याच बायका मध्येच सोडतात. का? "आता कुठं दुखतंय?"

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला जवळजवळ प्रत्येक वेळी एचपीव्ही हा विषाणू कारण असतो. हे शोधणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. संसर्ग बहुतेक बायकांना आयुष्यात कधीतरी होतो आणि आपोआप जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो त्यांच्यात दहा-वीस वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. दहा-वीस वर्षं! एवढी मुदत दुसरा कुठला आजार देतो? त्या मुदतीत गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावलं की बिघडलेली जागा मिनिटभरात पांढरी दिसते. मुंबईत दहावी शिकलेल्या, शिकवून तयार केलेल्या बायकांनी ही तपासणी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. आपल्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात तर एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं पुढच्या आठ वर्षांत मृत्यू निम्म्यावर आले. २००९ साली जगानं ते वाचलं. त्याच भागातल्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. तिथं गावोगाव जाऊन नुसती लक्षणं सांगितली तरी बायका लवकरच्या टप्प्यात यायला लागल्या, असं दिसून आलंय. त्या बायकाही आमच्यासारख्याच शेतात राबणाऱ्या.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. बिडी ओढणाऱ्याचा खोकला टीबी समजून महिनोन्‌महिने औषधं चालतात आणि फुप्फुसाचा कॅन्सर वाढत राहतो. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नसतील तर पुढचं विचारा. शौचातून रक्त पडलं की प्रत्येक वेळी मूळव्याधच असते असं नाही. घास अडकायला लागला तर पाण्याच्या घोटानं ढकलत राहू नका.

आमच्या भागाची आणखी एक कटकट आहे. दवाखान्यातला फलक कन्नडमध्ये, फाईल इंग्रजीत, आणि रुग्ण मराठी. यावर भांडणारे दोन्हीकडे पुष्कळ आहेत, मी त्यात पडत नाही. कर्नाटकाच्या योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण आधी सरकारी दवाखान्याची शिफारसचिठ्ठी लागते, ती घेऊनच निघावं. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली महात्मा फुले योजना लागू केली, कर्नाटकानं हरकत घेतली, आणि माणसं दोन्ही कार्डं पिशवीत घालून मिरजेची गाडी पकडतात. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट करायची, हे धोरण मात्र अख्ख्या देशाला लागू आहे. हे मी शाळेच्या पालकसभेत सांगितलं तेव्हा बापे खाली बघायला लागले आणि बायका एकमेकींकडे.

गेल्या महिन्यात जावेशी तिच्या मुलीच्या लसीबद्दल बोलणं झालं. पोरगी बारा वर्षांची. एचपीव्हीची लस नऊ ते चौदा या वयात सगळ्यात चांगली लागते, आणि आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचीही मिळते. जाऊ भाकरी थापता थापता थांबली. "आक्का, तिला काय झालंय काय? चांगली हुंदडतीया की." झालं काही नाही म्हणूनच द्यायची, लग्नाच्या, म्हणजे संबंधांच्या आधी, असं सांगताना माझीही जीभ जरा अडखळली, स्वयंपाकघरात सासूबाई बसलेल्या होत्या. या वयात दोन डोस देतात, पंधरा पूर्ण झाली की तीन. एका डोसनंही काम भागतं असं जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून म्हणते आहे. आणि लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी सुटत नाही. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग पोराला का न्हाई?" हा प्रश्न मी डॉक्टरांना कधी विचारला नव्हता, पण उत्तर वाचलेलं होतं. विषाणू मुलग्यांनाही होतो, घशाचा कॅन्सरही करतो, लस त्यांनाही चालते; पैसा आणि लस दोन्ही मोजकी, म्हणून आधी मुलींना. "पैसा आमचा हाय न्हवं?" सासूबाई म्हणाल्या. परीक्षा संपल्या की दोघांनाही बालरोगतज्ज्ञांकडे न्यायचं ठरलंय.